तालीम आणि शिधा

१९७७ हे साल गोमंतकीयांनी तीन कारणांसाठी लक्षात ठेवायला हवं. मे महिन्यात 'अमर अकबर अँथनी' प्रदर्शित झाला आणि त्यातल्या एका गाण्यामुळे माजोर्ड्याच्या एका व्हायोलिनवादकाचं नाव देशभर पोचलं. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेची दोन व्हॉयेजर यानं अवकाशात झेपावली. त्यांच्यावरच्या सोनेरी तबकडीत जगभरच्या संगीताचे २७ नमुने आहेत आणि त्यात भारतातला नमुना एकच, केसरबाई केरकरांची भैरवी. आणि १६ सप्टेंबरला खुद्द केसरबाई मुंबईत निवर्तल्या. दुसरं यान उडून तेव्हा अकराच दिवस झाले होते.

केसरबाई अंत्रुज महालातल्या केरी गावच्या, कलावंत समाजातल्या. अँथनी गोन्साल्विस सासष्टीतल्या माजोर्ड्याचे, चर्चमध्ये मुलांना गाणं शिकवणाऱ्या मेस्त्रींचे चिरंजीव. दोघांची घरं, भाषा, देव, वाद्यं सगळं वेगळं. पण दोघांच्याही घरी जमीनजुमला नव्हता, सरकारदरबारी वजन नव्हतं आणि मोठ्या शाळेचा रस्ता त्यांच्या दारावरून जात नव्हता. तरीही दोघं पोचायचं तिथे पोचली. कशी पोचली?

या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर आपल्याकडे आहे. गोव्याच्या मातीतच गाणं आहे, पाण्यात सूर आहे, रक्तात लय आहे वगैरे. सत्काराच्या भाषणात ते शोभूनही दिसतं. मला मात्र ते कधी पटलं नाही. मातीत गाणं असतं तर ज्यांच्याकडे माती जास्त होती त्या भाटकारांच्या घरांत गवयांची रांग लागली असती. रांग लागली ती ज्यांच्याकडे माती नव्हती त्यांच्या घरांत. तेव्हा मातीऐवजी माणसांनी उभ्या केलेल्या व्यवस्थेकडे पाहायला हवं. गरीब घरातल्या मुलाला कलेत पोट भरण्यापर्यंत नेणाऱ्या दोन व्यवस्था गोव्यात होत्या. एक देवळाभोवती आणि दुसरी चर्चभोवती. दोन्हींची किंमत जबर होती. पण दोन्हींनी एक गोष्ट जाणली होती, ती म्हणजे मुलाला नुसती तालीम देऊन भागत नाही, त्याच्या शिध्याचीही सोय लावावी लागते.

आधी देवळाकडे वळूया. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, पर्वत इथल्या देवस्थानांच्या सेवेत कलावंत घराणी होती. पालखीपुढे, उत्सवात, आरतीच्या वेळी गाणं-नाचणं ही त्यांची चाकरी. मुलगी चालायला लागली की तिच्या कानावर सूर पडायचे, मुलगा बसायला लागला की तबल्यामागे किंवा सारंगीमागे बसायचा. पर्वतच्या खाप्रुमामांना, म्हणजे लयभास्कर लक्ष्मणराव पर्वतकरांना, लयीचं जे विलक्षण गणित साधलं, त्याची पहिली पाटी-पेन्सिल अशाच घरात मिळाली. पण या शिक्षणाबरोबर दुसरंही काही पदरात पडायचं. मुलीला लग्नाचा हक्क नाही, मुलांच्या नावापुढे बापाचं नाव नाही आणि गावातला प्रतिष्ठित माणूस रात्री जे गाणं ऐकून डोलायचा, त्या गाणारणीला सकाळी ओळख द्यायचा नाही. गाणं येत होतं म्हणून ही माणसं उपेक्षित राहिली आणि उपेक्षित होती म्हणून त्यांना गाण्यावाचून दुसरं काही करता येत नव्हतं. हा पेच ध्यानात ठेवूनच पुढची गोष्ट वाचायची.

ती गोष्ट मोगूबाई कुर्डीकरांची. त्यांचा जन्म १५ जुलै १९०४ चा, सांगे महालातल्या कुर्डी गावचा. आज हे गाव साळावली धरणाच्या पोटात आहे. मे महिन्यात पाणी ओसरलं की जोती, पायवाटा, देवळाचे अवशेष वर येतात आणि विस्थापित झालेले गावकरी तिथे जमतात. मोगूबाईंची आई जयश्रीबाई. लेकीला गाता यावं एवढाच तिचा ध्यास. तिनं मुलीला पर्वतच्या देवाचं नाव घेतलेल्या चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत घातलं. १९१४ साली आई गेली. दहा वर्षांची मुलगी नाटक कंपनीच्या भरवशावर उरली आणि पुढे ती कंपनीही बुडाली.

इथे क्षणभर थांबूया. आजच्या भाषेत बोलायचं तर ही अनाथ मुलगी, शाळा नाही, गाव सुटलेलं, हाताला काम देणारी कंपनी बंद. आपल्या ओळखीतली अशी मुलगी आज कुठे पोचेल? मोगूबाई सातारकर स्त्री संगीत मंडळीत गेल्या. तिथे त्यांना भूमिका मिळाल्या, गाण्याची तालीम मिळाली, नृत्याचे धडे मिळाले. मग तीही कंपनी सुटली, प्रकृती ढासळली आणि औषधोपचारासाठी त्या सांगलीला आल्या. तिथे मिळालेली एका खाँसाहेबांची तालीमही मध्येच थांबली. शिकवायला कुणी उरलं नाही तेव्हा या मुलीनं झालेली तालीम एकटीच घोटत बसायचं ठरवलं. १९१९ च्या सुमाराची ही हकिकत. रस्त्यावरून जाणारे एक वयस्क गृहस्थ तिचा रियाज ऐकून थांबले, घरात आले, पुन्हा पुन्हा येत राहिले. ते अल्लादिया खाँसाहेब आहेत हे तिला उशिरा कळलं. खाँसाहेबांनी आपण होऊन तिला शिकवायला सुरुवात केली.

आपल्याकडे ही गोष्ट इथेच संपवायची रीत आहे. गुरू भेटला, आता सगळं मंगल! प्रत्यक्षात खरी परवड इथून पुढे सुरू झाली. खाँसाहेब मुंबईला गेले. त्यांच्यामागोमाग मोगूबाईही गेल्या. पण मुंबईत केसरबाई खाँसाहेबांकडे शिकत होत्या आणि आपल्याखेरीज दुसऱ्या कुणाला शिकवू नये असा त्यांचा आग्रह होता असं सांगितलं जातं. मोगूबाईंची तालीम थांबली. मग त्या आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे शिकल्या. पुढे अल्लादिया खाँचे बंधू हैदर खाँ यांच्याकडे तालीम मिळाली, तीही मध्येच थांबली. अखेर १९३४ च्या सुमाराला अल्लादिया खाँनी त्यांना रीतसर गंडा बांधला. सांगलीतल्या त्या पहिल्या भेटीपासून हे गंडाबंधन होईपर्यंत सुमारे पंधरा वर्षं गेली!

केसरबाईंची वाटही सोपी नव्हती. त्यांचा जन्म १८९२ चा. आठव्या वर्षी त्या कोल्हापूरला अब्दुल करीम खाँसाहेबांकडे गेल्या. ती तालीम टिकली आठ महिने. परत गोव्यात आल्या. रामकृष्णबुवा वझे गोव्यात यायचे तेव्हा ते शिकवायचे, म्हणजे बुवा आले की धडा आणि बुवा गेले की खंड. मग कुटुंब मुंबईला गेलं. तिथे सतारिये बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले यांची तालीम थोडी थोडी मिळाली. १९२१ पासून अल्लादिया खाँ. तोवर त्यांची तिशी जवळ आली होती. त्यापुढे मात्र तालमीत खंड पडला नाही. याचं एक कारण केसरबाईंची जिद्द आणि दुसरं, ज्याचा उल्लेख करायला आपण संकोचतो, ते म्हणजे पाठीशी असलेला धनिकांचा पैसा. खाँसाहेबांच्या अटी कडक होत्या, बिदागी मोठी होती आणि ती भरणारं कुणी तरी होतं. मोगूबाईंच्या पाठीशी असं कुणी नव्हतं.

दोघींच्या गुणवत्तेची तुलना करायचा माझा विचार नाही, अधिकारही नाही. पण एकाच गावकुसाबाहेरून निघालेल्या, एकाच गुरूपाशी पोचलेल्या या दोन मुलींच्या वाटचालीत जो फरक दिसतो तो शिध्याचा आहे. गळा दोघींना होता, गुरूही मिळाला. एकीच्या तालमीचा खर्च कुणी तरी उचलला आणि दुसरीला तो वर्षानुवर्षं स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन उचलावा लागला. मोगूबाईंना १९७४ साली पद्मभूषण मिळालं. पण आईबरोबर मैफिलींना जाताना तिसऱ्या वर्गाचा प्रवास आणि यजमानांकडून होणारी हेळसांड आपण लहानपणी पाहिली, हे किशोरीताई आमोणकरांनी पुढे अनेकदा सांगितलं. कलाकाराच्या मानधनाबद्दल आणि मानाबद्दल किशोरीताई एवढ्या काटेकोर का होत्या याचं उत्तर त्यात आहे. लोकांना ते लहरीपण वाटायचं.

मघाशी नाटक कंपन्यांचा उल्लेख आला. त्यांच्याकडे आपण करमणुकीचं साधन म्हणून पाहतो. पण त्या काळच्या गरीब मुलाच्या दृष्टीनं कंपनी म्हणजे वसतिगृह, शाळा आणि नोकरी एकाच छपराखाली. कंपनीच्या बिऱ्हाडात दोन वेळचं जेवण मिळायचं, गवई तालीम द्यायचे, तालीममास्तर चालणं-बोलणं शिकवायचे आणि रात्री हजार माणसांपुढे शिकलेलं सिद्ध करायची पाळी यायची. मंगेशीच्या दीनानाथांचंच पाहा. आई येसूबाई कलावंत समाजातल्या. बाबा माशेलकरांकडे सुरुवातीचे धडे, मग किशोरवयातच किर्लोस्कर मंडळी आणि १९१८ साली, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षी, मित्रांच्या साथीनं स्वतःची बलवंत संगीत मंडळी! अठराव्या वर्षी कंपनीचा मालक होणारा मुलगा आधी चार वर्षं कंपनीच्या पंगतीला जेवला होता, हे विसरून चालणार नाही.

ही पंगत कायमची नव्हती. १९३१ साली बोलपट आला, १९३२ साली मराठी बोलपट आला आणि पुढच्या थोड्याच वर्षांत एकेक कंपनी बसत गेली. बलवंतही बसली. १९४२ च्या एप्रिलमध्ये दीनानाथ गेले तेव्हा थोरली मुलगी बारा वर्षांची होती. वडिलांनी गळ्यात सूर ठेवला होता, तिजोरीत काही ठेवलं नव्हतं. मास्टर विनायकांनी त्या मुलीला चित्रपटात काम दिलं आणि घरात शिधा आला. लता मंगेशकर नावाच्या इतिहासाचा आरंभ एका पोरक्या मुलीला वेळेवर मिळालेल्या कामापासून होतो. ते काम तिच्या आवडीचं नव्हतं. अभिनय तिला कधीच रुचला नाही. पण त्या कामानं ती गाण्यापर्यंत तगली.

आता दुसऱ्या दाराकडे जाऊया. पोर्तुगीज अमलात चर्चला जोडून ज्या शाळा निघाल्या, त्यांबद्दल बोलताना हिंदू मनात एक कढ येणं स्वाभाविक आहे. ज्या राजवटीनं देवळं पाडली, त्याच राजवटीच्या छायेतल्या या शाळा. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानानं तर ख्रिस्ती झालेल्यांच्या लग्नात ओव्या गाण्यावरही बंदी आणली होती. म्हणजे एका हातानं आजीचं गाणं काढून घेतलं आणि दुसऱ्या हातानं नातवाला रबेक दिलं. हे दोन्ही हात एकाच शरीराचे होते, हे मान्य करूनच दुसऱ्या हातानं काय घडलं तेही पाहायला हवं.

चर्चच्या शाळेत गावचा मेस्त्री मुलांना अक्षरं, प्रार्थना आणि सोल्फेज शिकवायचा. सोल्फेज म्हणजे पाश्चात्त्य सरगम, कागदावर लिहिलेला सूर डोळ्यांनी वाचून गळ्यानं म्हणायचा. ते जमलं की हातात व्हायोलिन. मेस्त्रीचा पगार चर्चच्या निधीतून निघायचा, त्यामुळे रेंदेराचं पोर असो की खारव्याचं, त्याला फी पडत नसे. शिकलेलं वाजवायची जागाही तिथेच होती. रविवारची मीस, लादाईन, फेस्त, लग्न, मयत. गावात वर्षभर वाजवणाऱ्यांची गरज असायची आणि दहा-बारा वर्षांचा मुलगाही त्यात खपून जायचा. या शाळांनी मोझार्ट निर्माण केले नाहीत. लिहिलेलं संगीत समोर ठेवलं की न अडखळता वाजवणारी मुलं मात्र त्यांनी गावोगाव तयार केली, आणि हे कसब तेव्हा हिंदुस्थानात फार थोड्यांकडे होतं.

ते कसब विकायचं कुठे? गोव्यात बाजार नव्हता. बाजार होता ब्रिटिश हिंदुस्थानात. पलटणींचे बँड, संस्थानिकांचे बँड, मूकपटांपुढे वाजवणारी मंडळी, मोठ्या हॉटेलांतले जॅझ बँड. गोव्याचा मुलगा पत्र्याची पेटी आणि वाद्याची पिशवी घेऊन मुंबईला उतरायचा आणि सरळ धोबीतलावच्या आसपास आपल्या गावच्या कुडीत जायचा. कूड म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेली खोली. नाममात्र भाडं, पेटी ठेवायला भिंतीकडेची जागा, झोपायला जमिनीवर चटई, संध्याकाळी रोजार म्हणायचा दंडक. नोकरी मिळेपर्यंत तिथे राहता यायचं. कुठल्या बँडमध्ये वादक हवा आहे ही बातमीही तिथेच लागायची. कलाशिक्षणाच्या इतिहासात या कुडींचं नाव कुणी घेत नाही. मी घेईन. चर्चच्या शाळेनं मुलाला शिकवलं आणि कुडीनं त्याला पहिला पगार हाती येईपर्यंत तगवलं. कूड नसती तर ती पुष्कळशी व्हायोलिनं फेस्ताच्या पुढे गेली नसती.

अँथनी गोन्साल्विस याच वाटेनं गेले. १९२७ चा जन्म, वडिलांकडे शिक्षण, पोरवयातच मुंबई आणि १९४३ च्या सुमाराला नौशादांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन. हिंदी चित्रपटाला तेव्हा अशा लोकांची निकड होती. संगीतकाराच्या डोक्यात चाल असायची, पण पन्नास वादकांनी एकाच वेळी काय वाजवायचं हे कागदावर मांडणारा माणूस हवा असायचा. गोव्याच्या मुलांनी ते काम उचललं. शंकर-जयकिशनच्या गाण्यांना भव्य रूप देणारे सेबेस्टियन डिसोझा, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड, हळदोण्याचे चिक चॉकलेट ही त्यांतली ठळक नावं. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ती क्वचितच दिसत. अँथनींनी तर १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात सिंफनी वाद्यवृंद उभा करून रागदारी आणि पाश्चात्त्य स्वरसंगती एकत्र आणायचा घाट घातला. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. मंगेशीची वाट आणि माजोर्ड्याची वाट त्या दिवशी एका मंचावर आल्या.

याच दोन वाटा आणखी एका ठिकाणी मिळाल्या, आणि मला ती जागा जास्त मोलाची वाटते. लक्ष्मीकांत कुडाळकर हा वडील लवकर गेल्यामुळे पार्ल्याच्या गरीब वस्तीत वाढलेला, पोटासाठी मेंडोलिन वाजवणारा मुलगा. प्यारेलाल शर्मा हा एका ट्रंपेटवादकाचा मुलगा, घर चालवायला बालवयातच स्टुडिओत वाजवू लागलेला. या दोघांची दोस्ती जमली ती मंगेशकर भावंडांनी मुलांसाठी चालवलेल्या सुरील कला केंद्रात. लक्ष्मीकांतला एका कार्यक्रमात ऐकून लताबाईंनी त्याच्यासाठी शब्द टाकला होता. आणि प्यारेलालला व्हायोलिन शिकवलं अँथनी गोन्साल्विस यांनी. म्हणजे ज्या मुलीला तेराव्या वर्षी कुणी तरी काम दिलं होतं, तिनं दुसऱ्या पोरक्या मुलाला दार उघडून दिलं. ज्या मुलाला चर्चच्या परंपरेनं फी न घेता शिकवलं होतं, त्यानं स्टुडिओत राबणाऱ्या पोराला शिकवलं. १९६३ साली 'पारसमणि'पासून या जोडीनं स्वतंत्र कारकीर्द सुरू केली आणि पुढे पाचशेच्या आसपास चित्रपटांना संगीत दिलं. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'चं संगीत करताना प्यारेलालनी आपल्या गुरूचं नाव नायकाच्या तोंडी गाण्यातून घालून ऋण फेडलं. तोवर गुरू चित्रसृष्टी सोडून कधीच बाजूला झाले होते. १९६५ साली ते शिक्षणासाठी अमेरिकेला गेले, परत आले आणि माजोर्ड्याला शांतपणे राहिले. १८ जानेवारी २०१२ रोजी त्यांचं निधन झालं.

या दोन्ही व्यवस्थांचं मी गुणगान करतो आहे असा कुणाचा समज होऊ नये. देवळाच्या व्यवस्थेत मुलींना निवड नव्हती. चर्चच्या व्यवस्थेत वाद्य मुख्यतः मुलांच्या हाती पडायचं. शिवाय दोन्हीकडे मूल कुठल्या घरात जन्मलं यावरून त्याला काय शिकवायचं ते ठरायचं. विसाव्या शतकाच्या आरंभी राजाराम पैंगीणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कलावंत समाजाच्या सुधारणेची चळवळ उभी केली, गोमंतक मराठा समाजाची घडण झाली, तेव्हा त्यांचं सांगणं स्पष्ट होतं. देवळाची चाकरी सोडा, मुलींची लग्नं करा, मुलांना शाळेत घाला. पैंगीणकरांनी आपल्या आत्मचरित्राला 'मी कोण?' असं नाव दिलं, त्या प्रश्नात पिढ्यांचा अपमान साठला आहे. सुधारणेच्या रेट्यात पुष्कळ घरांतले तानपुरे माळ्यावर गेले. मुलं डॉक्टर झाली, वकील झाली, शिक्षक झाली. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर याच समाजातले. माळ्यावर गेलेल्या तानपुऱ्यांसाठी हळहळणाऱ्या रसिकांना मी एकच विचारतो. आपल्या मुलीला त्या अटींवर गाणं शिकवलं असतंत का? नसेल, तर हळहळायचा हक्क आपल्याला नाही.

सुधारकांनी अपमान नाकारला हे योग्यच झालं. पण त्या व्यवस्थेतला शिधा नव्या काळात दुसऱ्या रीतीनं कुणी द्यायचा हा प्रश्न त्यांच्या हयातीत सुटणारा नव्हता. तो आपल्या वाट्याला आला. मुक्तीनंतर आपण पुष्कळ केलंही. १९७० साली कला अकादमी स्थापन झाली, १९७२ साली कला महाविद्यालय, १९८७ साली संगीत महाविद्यालय. तालुक्यांत रवींद्र भवनं उभी राहिली. केरीत केसरबाईंच्या नावानं हायस्कूल आहे, त्यांच्या नावाचा संगीत समारोह होतो. मनोहरबुवा शिरगावकरांच्या नावाच्या भजन स्पर्धेत मुलांची पथकं उतरतात. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही गावात पेटी आणि पखवाज यांवर बरा हात असलेली बारा-पंधरा वर्षांची मुलं मिळतील. कुठल्या जातीचं, कुठल्या घरचं असं कुणी विचारत नाही. ही कमाई लहान नाही. तालमीचं दार आपण सर्वांना उघडलं.

आणि तिथेच आपण थांबलो. स्पर्धेत ढाल मिळवणारा तो पखवाजवादक मुलगा अठरा वर्षांचा झाला की काय करतो? माझ्या पाहण्यातली बहुतेक मुलं खाणीच्या ट्रकवर, हॉटेलात किंवा औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी पाळीवर गेली. कामात कमीपणा नाही. पण रात्रपाळी करून रियाज होत नाही. नाटक कंपनीची पंगत १९३० नंतर उठली. स्टुडिओतले मोठे वाद्यवृंद सिंथेसायझरनं घालवले. कुडींतून गर्दी ओसरली. त्यांच्या जागी पुरस्कार आले, गौरव निधी आले, वृद्ध कलाकारांचं मानधन आलं. ही सगळी मदत कारकीर्द होऊन गेल्यावरची! कारकीर्द उभी राहण्याआधीच्या त्या तीन-चार वर्षांत, जेव्हा मूल शिकलेलं असतं पण कमावतं झालेलं नसतं, तेव्हा त्याच्या पाठीशी कोण असतं? जुलै २०२३ मध्ये कला अकादमीच्या खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं तेव्हा आपण महिनोन्महिने त्या छताबद्दल भांडलो. भांडायलाच हवं होतं. पण त्या छताखाली शिकून गेलेल्या किती मुलांनी वाद्य खाली ठेवलं, याचा हिशेब त्या भांडणात कुणी मागितला नाही.

मी मागतो आहे ते फार मोठं नाही. दरवर्षी प्रत्येक तालुक्यातून दोन मुलं निवडा. ज्यांच्या घरी पैसा नाही अशीच निवडा. तीन वर्षं त्यांना गुरूच्या गावी राहण्या-जेवण्याचा खर्च द्या, येण्याजाण्याचं भाडं द्या आणि सरकारी कार्यक्रमांत मुख्य कलाकाराच्या आधी अर्धा तास त्यांना बसवा. त्या अर्ध्या तासाचे पैसे द्या, हारतुऱ्यावर भागवू नका. जी देवस्थानं आणि चर्चं उत्सवांवर लाखो खर्च करतात त्यांनी त्यातला एक वाटा गावच्या एका मुलाच्या तालमीसाठी बाजूला काढावा. शेकडो वर्षं त्यांनी हे केलं आहे, वेगळ्या आणि अन्याय्य अटींवर का होईना. आता त्या अटी वगळून करायचं आहे.

आणि ज्यांच्याकडे शिकवायला काही आहे त्यांनी प्यारेलालच्या मास्तरांना आठवावं. मूल दारात येईल तेव्हा त्याला गाता येतं का हे तर विचाराच, पण जेवून आला आहेस का हेही विचारा.